हजेरीची वही : कायदा, पोलीस आणि आपली जबाबदारी

(माळशिरस येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, श्रोते बहुतेक पेन्शनर असतील, जरा सावकाश बोला. पण मागच्या तीन-चार रांगांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली बसलेली दिसताहेत. सकाळी सोळाशे मीटर आणि आठशे मीटर पळून आलेली ही मंडळी. आजचा विषय खरं तर त्यांचाच आहे. आम्ही पेन्शनर त्यात कुठं बसतो, ते शेवटी सांगतो.

प्रश्न साधा आहे. एखादा कायदाच अन्यायाचा असेल, तर तो राबवणाऱ्या माणसाची जबाबदारी किती? कायदा करणारा वेगळा असतो, हुकूम देणारा वेगळा असतो. पण शेवटी दारात जो उभा राहतो, हात जो धरतो, तो कुणी शिपाई, कुणी पाटील, कुणी हवालदार असतो. "मी फक्त हुकूम पाळला" असं तो म्हणाला, तर आपण काय म्हणायचं?

मी तत्त्वज्ञान शिकवलं सारा जन्म. पण हा प्रश्न मला पुस्तकातून मिळाला नाही. घरातल्या एका पेटीतून मिळाला.

माझे आजोबा नीरेच्या काठच्या एका गावचे पोलीस पाटील होते. गावाचं नाव सांगत नाही. ते गेल्यावर पेटी उघडली, तेव्हा खतावण्या, पावत्या, जुनी स्टँपपेपरं निघाली आणि त्यात एक जाड वही निघाली. हजेरीची. नावं, नावांपुढं अंगठे, आणि पुढं एकच शब्द : हजर. पानामागून पानं. रोज रात्री चावडीवर येऊन पालावरच्या माणसांनी अंगठा द्यायचा, ती ही वही.

तरुण मुलांना ही भानगड ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १८७१ साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला, 'क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट', म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो सगळीकडं लावायची सोय झाली आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्र बांधून काढला. त्यात सरकारनं राजपत्रात एक जाहिरात दिली की अमुक जमात गुन्हेगार. बस. कुणी काय चोरलं, कधी चोरलं, हा प्रश्नच नाही. जन्म त्या घरात झाला एवढं पुरे. आणि ही जाहिरात चूक आहे असं म्हणायला कोर्टात जायचीही सोय ठेवली नव्हती. कायद्यातच लिहिलं होतं की कुठल्याही कोर्टानं तिच्या वैधतेवर प्रश्न काढायचा नाही.

एकदा नाव नोंदलं की ठरलेल्या वेळी हजेरी. मुक्काम हलवायचा तर आधी कळवायचं, हद्दीबाहेर जायचं तर दाखला घ्यायचा. विनादाखला सापडला तर वॉरंटशिवाय अटक. सरकारला वाटलं तर आख्खी जमात उचलून सेटलमेंटमध्ये ठेवायची, मुलांना आईबापांपासून वेगळं काढायचं, हाही अधिकार होता. आपल्या सोलापुरात अशी सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणातून माणसं गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. जुन्या सोलापूरकरांच्या तोंडी तो शब्द अजून आहे, "सेटलमेंटातला".

आता यातली माझ्या घराशी येणारी गोष्ट. त्या कायद्यात एक कलम गावच्या पाटलासाठी आणि रखवालदारासाठी होतं. नोंदलेला माणूस हजेरीला आला नाही, गाव सोडून गेला, तर पोलिसांना कळवायची जबाबदारी त्यांची. नाही कळवलं तर त्यांनाही शिक्षा. म्हणजे कायदा झाला सरकारच्या दरबारी, आणि तो चालला आमच्या चावडीवर, आजोबांच्या दौत-टाकावर.

वहीत एका पानावर एका नावापुढं 'गैरहजर' लिहिलंय. आजीनं मला त्या माणसाची हकिगत सांगितली. त्याची लेक बाळंतपणात अडली होती, पलीकडच्या तालुक्यात. दाखला मागायला वेळ नव्हता. तो गेला. नेमका त्याच रात्री फौजदार तपासणीला आला. आजोबांनी खरं ते लिहिलं. तो माणूस तीन महिने तुरुंगात जाऊन आला. लेक वाचली नव्हती.

आणि आजी पुढं म्हणाली, "एरवी किती वेळा माणूस नसताना ह्यांनी 'हजर' लिहिलंय, ते वहीत कसं दिसंल?"

मी पुण्याला एम.ए. करत होतो तेव्हाची गोष्ट. कान्ट नुकता वाचला होता, डोक्यात वारं गेलेलं. सुट्टीत आलो आणि आजोबांना तोंडावर विचारलं, तुम्ही हे का केलंत? ते चिडले नाहीत. त्यांनी तीन वाक्यं सांगितली. "कायदा होता." मग थांबून, "मी नसतो तर दुसऱ्यानं केलं असतं." आणि शेवटी, "पाटीलकी गेली असती, घरात बारा माणसं होती."

मंडळी, जगात कुठंही जा, हुकूम पाळणारा माणूस हीच तीन वाक्यं बोलतो. म्हणून एकेक वाक्य नीट बघू. आजोबांची निंदा करायची म्हणून नाही. ते मला फार प्रिय होते.

पहिलं वाक्य, "कायदा होता." कायदा होता हे खरं. पण कायदा असणं आणि कायदा न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचांग छापलंय म्हणून पाऊस पडत नाही, तसं राजपत्रात छापलंय म्हणून माणूस चोर होत नाही. आजोबांना हे माहीत होतं. माहीत नसतं तर त्यांनी खोटी 'हजर' लिहिलीच नसती. माणसाला जेव्हा आतून ठाऊक असतं की हे बरोबर नाही, तेव्हा "कायदा होता" हे कारण उरत नाही. तो नुसता आडोसा होतो.

दुसरं वाक्य, "मी नसतो तर दुसऱ्यानं केलं असतं." हे वाक्य फार फसवं आहे, कारण ते बहुधा खरं असतं. दुसरा मिळाला असता. पण दुसऱ्यानं केलं असतं तर ते दुसऱ्याच्या नावावर लागलं असतं. तुम्ही केलंत, तुमच्या नावावर लागलं. आणि गंमत बघा, तो दुसराही हेच म्हणणार, तिसराही हेच म्हणणार. सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात आणि त्या बोटांच्या साखळीवर कायदा आरामात चालतो. कायद्याला स्वतःचे हात नसतात हो. तो आपले हात उसने घेतो.

पण या वाक्यात एक खरा दाणा आहे, तो टाकून द्यायला नको. "दुसरा आला असता तर त्यानं जास्त छळलं असतं, मी जागेवर बसून छळ कमी केला." हे बोलणं प्रामाणिक असू शकतं. अट एकच, कमी केला पाहिजे. ज्या रात्री आजोबांनी नसलेल्या माणसापुढं 'हजर' लिहिलं, त्या रात्रीपुरतं हे वाक्य त्यांना शोभतं. 'गैरहजर' लिहिलं त्या रात्री शोभत नाही.

तिसरं वाक्य, पोटाचं. यावर माझ्यासारख्या पगारी माणसानं फार शहाणपण सांगू नये. पोट खरं असतं. अमेरिकेतला थोरो, गुलामगिरी आणि मेक्सिकोवरच्या युद्धाच्या विरोधात कर न भरल्याबद्दल १८४६ साली एक रात्र तुरुंगात राहिला. त्याच्या १८४९ सालच्या निबंधात असा प्रसंग आहे की कर वसूल करणारा त्याला विचारतो, मग मी काय करू? थोरो सांगतो, खरंच काही करायचं असेल तर राजीनामा दे. बोलायला सोपं. थोरोवर बारा माणसांचं घर नव्हतं.

पण म्हणून ते अशक्य होतं असंही नाही. आपल्याच मुंबई इलाख्यात, १९२८ साली, बारडोलीच्या सत्याग्रहात गावोगावच्या पाटलांनी आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले. तेही पाटीलच, त्यांनाही घरं होती. पुढं तडजोड झाली तेव्हा त्यांना परत कामावर घ्यायचं, हीसुद्धा एक अट होती. मला यातली बोचणारी गोष्ट अशी वाटते की तिथं अन्याय स्वतःच्या जमिनीच्या साऱ्यावर आला होता. तेव्हा राजीनामा सुचला. पालावरच्या माणसाच्या अंगठ्यासाठी माझ्या आजोबांना तो सुचला नाही. भीती होतीच. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तो माणूस 'आपला' वाटत नव्हता.

मग अशा कायद्याचा हात झालेल्या माणसाचं करायचं काय? एक उत्तर रागाचं आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. जमावानं पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं, पोलीसही मारले गेले. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. तो खटलाच खोटा होता, असं सोलापूरकर आजही मानतात आणि चार हुतात्मा चौकात मान झुकवतात. मीही झुकवतो. पण चौकीत मेलेले ते पोलीसही याच मातीतले, हिंदुस्थानीच असणार. त्यांना मारून इंग्रजांचा कायदा मेला नाही, उलट मार्शल लॉ घेऊन आला. कायदा आणि त्याचा हात यांत फरक न करणं, ही एक चूक.

दुसरं उत्तर त्याच्या पंधराच दिवस आधी पेशावरमध्ये मिळालं होतं. २३ एप्रिल १९३०, किस्सा ख्वानी बाजार. समोर निःशस्त्र पठाण. गढवाल रायफल्सच्या तुकडीला गोळीबाराचा हुकूम झाला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळी चालवायला नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली.

आपल्याला वाटेल, गांधीजींनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल. नाही घेतलं. पुढं एका फ्रेंच पत्रकारानं विचारलं, तेव्हा गांधीजी म्हणाले, त्याचा आशय असा : शपथ घेतलेल्या शिपायानं हुकूम मोडणं मला पटत नाही, कारण उद्या सत्ता माझ्या हाती आली तर हेच शिपाई मला लागतील, आणि तेव्हा ते माझाही हुकूम मोडतील.

अहिंसेच्या माणसाच्या तोंडी हे ऐकून मला वर्षानुवर्षं त्रास झाला. पण यातला प्रश्न खरा आहे. प्रत्येक पोलिसानं आपापल्या मनाला विचारून कायदा पाळायचा ठरवलं तर? एखादा म्हणेल, माझ्या मनाला पटत नाही, मी दलिताची फिर्याद घेणार नाही. दुसरा म्हणेल, आंतरजातीय लग्न मला पटत नाही, मी त्या जोडप्याला संरक्षण देणार नाही. मन सगळ्यांकडंच असतं, आणि त्यात जातही असते.

खूप विचार करून मी एका ठिकाणी आलो, ते तुमच्यापुढं ठेवतो. पोलिसाच्या सद्सद्विवेकाला अधिकार आहे, पण तो एकाच दिशेचा. विवेकाच्या नावावर तो हातातली काठी खाली ठेवू शकतो, कायद्यानं दिली नाही ती काठी उचलू शकत नाही. निरपराध माणसाला इजा करायला नकार देता येतो, संकटातल्या माणसाचं रक्षण करायला नकार देता येत नाही. आणि नकार उघड असावा, वरिष्ठांसमोर, परिणाम भोगायची तयारी ठेवून. गढवालींनी हेच केलं. बंदुका खाली ठेवल्या, कुणावर रोखल्या नाहीत, पळाले नाहीत, शिक्षा घेतली. म्हणून गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो, गढवालींसारखा शिपाई स्वतंत्र देशालाही हवा. फिर्याद नाकारणारा आणि गढवाली यांना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही. पहिल्यानं सत्तेची ताकद दुबळ्याच्या विरुद्ध वापरली, दुसऱ्यानं ती आवरली.

आणि आपला आजचा कायदा याच बाजूनं उभा आहे. भरतीच्या मुलांनी हे लिहून घ्या, परीक्षेला नाही आलं तरी नोकरीत उपयोगी पडेल. आपल्या राज्याच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात वरिष्ठांचा हुकूम पाळायला सांगितलंय, पण कुठला? कायदेशीर. जुन्या दंड संहितेत कलम ७६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १४ झालं. कायद्यानं बांधलेला माणूस त्या बांधिलकीतून काही करतो, तर तो गुन्हा नाही. वस्तुस्थितीबद्दल चूक झाली तर माफी आहे, कायदाच माहीत नव्हता याला माफी नाही. म्हणजे "साहेबांनी सांगितलं" एवढ्यावर सुटका होत नाही.

२०११ साली मुंबईतल्या एका बनावट चकमकीच्या प्रकरणात, प्रकाश कदम खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांचा जामीन रद्द करणं कायम ठेवलं. तेव्हा न्यायालयानं थेट न्यूरेंबर्गच्या खटल्यांची आठवण दिली. तिथं नाझी अधिकारीही "हुकूम तो हुकूम" म्हणत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. उलट बाजूनं, अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराबाबतच्या १९८९ च्या कायद्यात, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकरासाठी वेगळं शिक्षेचं कलम आहे. एकीकडं इजा करायचा हुकूम पाळू नका, दुसरीकडं रक्षणाचं काम टाळू नका. मी मघाशी सांगितलेली दिशा ती हीच.

आता आम्हा पेन्शनरांची पाळी.

तो गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण माझ्या आजोबांच्या वहीत १५ ऑगस्ट १९४७ नंतरचीही पानं आहेत. देश स्वतंत्र झाला, आणि त्याच रात्री चावडीवर अंगठे उठले. कायदा गेल्यावर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी नजर त्या नव्या कपड्यात राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे अगदी परवा, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवरची कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणारे नियम रद्द करावे लागले. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावावं लागलं.

ही नजर फक्त पोलिसांची आहे का? काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर चोरी झाली. पाच-पंचवीस माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "माळावरच्या पालावरच्यांना उचलायला सांगा, आपोआप निघतंय." कुणी फोन लावला. मी तिथं होतो. तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, कान्ट शिकवणारा. मी गप्प बसलो. दोन पोरं दोन रात्री ठाण्यात राहून आली. चोर नंतर निघाला, घरच्या भावकीतलाच.

त्या दिवशी मला आजोबांना विचारलेला प्रश्न माझ्यावर उलटलेला दिसला. आजोबांपुढं फौजदार उभा होता, पाटीलकी जायची भीती होती, कायद्यात त्यांच्याही शिक्षेचं कलम होतं. माझ्यापुढं काय होतं? चार शेजारी नाराज झाले असते, एवढंच. ज्याच्या हाती जितकी मोकळीक, तितकी त्याची जबाबदारी. या हिशेबानं त्या दिवशी मी आजोबांपेक्षा जास्त चुकलो. पोलिसानं उचललं खरं, पण उचला असं आम्ही सांगितलं होतं. हुकूम नेहमी वरूनच येतो असं नाही मंडळी, गावातूनही येतो.

मी दुसऱ्या आठवड्यात त्या पालावर गेलो. त्या पोरांच्या आईला म्हणालो, मी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "आता बोलून काय, तवा बोलायचं." बरोबर होतं तिचं.

(व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथं देत आहोत.)

मागच्या रांगेतली एक मुलगी : सर, मी भरतीची तयारी करते. उद्या मी शिपाई झाले आणि साहेब म्हणाले, 'त्याला उचलून आण', तर मी काय करायचं? नोकरी नवीन असणार, नाही म्हणता येईल का?

बाई, फार चांगलं विचारलंस. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तू गढवाली हो, असं मी सांगणार नाही. पण नाही म्हणायच्या आधी पुष्कळ पायऱ्या असतात, त्या शीक. पहिली, विचार : "साहेब, कुठल्या गुन्ह्यात? स्टेशन डायरीला काय नोंद करू?" अदबीनं विचारायचं. निम्मे चुकीचे हुकूम नोंद करायची म्हटली की तिथंच विरतात, कारण हुकूम देणाऱ्यालाही ते लिहायचं नसतं. दुसरी, कायदा पाठ असू दे. डी. के. बसू खटल्यानं अटकेचे नियम घालून दिलेत. अटकेचा पंचनामा हवा, साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं. अर्नेश कुमार खटल्यात, २०१४ साली, न्यायालयानं सांगितलंय की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, गरज का आहे ते लिहायचं. हे नियम तुझ्या कामातली अडचण नाहीत, ती तुझी ढाल आहे. तिसरी, तुझ्या ताब्यात आलेल्या माणसाला पाणी, जेवण आणि घरी एक फोन. त्यासाठी कुणाचा हुकूम लागत नाही.

आणि एवढं करूनही कुणी सांगितलं की मार, किंवा खोटं लिही, तर मात्र नाही म्हण. त्याची किंमत पडेल. बदली होईल, कदाचित जास्तही. ती पडणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण ती किंमत तुला एकटीला द्यावी लागू नये, हे बघणं पुढच्या रांगांतल्या आम्हा लोकांचं काम आहे. चांगला पोलीस अडचणीत आला की त्याच्या बाजूनं चार माणसं ठाण्यात गेली पाहिजेत. वारीच्या बंदोबस्तात आपण पोलिसांना पाणी देतो, चहा देतो. तसंच हेही आहे.

ती हजेरीची वही अजून माझ्याकडं आहे. कुणी म्हणालं, जाळून टाका, कशाला ठेवता. मी ठेवलीय. भरतीत निवड झाली की ये घरी, दाखवतो.